दाखल होणे, दाखल करणे

प्रथम वर्षाच्या वर्गात प्रयोग शिकवताना एक उदाहरण मी कटाक्षाने टाळते : ‘आम्ही त्याला दाखल केले.’ हा सकर्मक भावे प्रयोग. यात क्रियापद ना कर्त्याचे ऐकते, ना कर्माचे. नपुंसकलिंगी एकवचनात तटस्थ उभे राहते. ‘तो दाखल झाला’ हा मात्र सरळ कर्तरी. माझ्या धाकट्या भावाची वीस वर्षे या दोन वाक्यांच्या मधे गेली आहेत.

२००३ साली द्रोणागिरीत सिडकोच्या इमारती तुरळक होत्या. आमच्या गच्चीवरून रात्री न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनचे दिवे दिसत. ते दिवे आपल्याविषयी काहीतरी कळवत आहेत, असे भावाला वाटू लागले. मग आई जेवणात काही कालवते म्हणून त्याने अन्न सोडले. संजीवनीच्या पर्वताचा तुकडा इथे पडला, अशी आमच्या डोंगराची कथा आहे. मावशीने देवीला नवस बोलला. चार महिने त्यात गेले.

शेवटी ‘मामांकडे अलिबागला जाऊ’ असे सांगून त्याला गाडीत बसवले. सांगणारी मी होते, कारण त्याचा विश्वास माझ्यावर होता. पळस्पे फाट्याला गाडी पेणच्या दिशेला वळली नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले. बोलला काहीच नाही. १९८७ च्या कायद्यानुसार नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले असले, की रुग्णाच्या इच्छेविना ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. आमचे कागद चोख होते. औषधांनी तो सावरलाही. पण पुढे कित्येक वर्षे कुठल्याही गाडीत बसण्यापूर्वी तो चालकालाच विचारी, ‘कुठे चाललीय?’

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. स्वतःहून येणारा रुग्ण त्यात ‘स्वतंत्र’ ठरतो; तो घरी जातो म्हणाला तर, तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवण्याचा अपवाद वगळता, त्याला सोडावे लागते. ज्याला तो क्षणी निर्णय पेलत नाही, त्याला त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. मात्र दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि मंडळाला कळवावे लागते. या दुसऱ्या प्रकाराला कायदा ‘साहाय्या’चा प्रवेश म्हणतो. शब्द मऊ आहे. साहित्याच्या माणसाला असे मऊ शब्द संशयास्पद वाटतात, असो. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे : बरे असताना माणसाने आपल्या उपचारांविषयी आगाऊ लिहून ठेवावे. भावाने २०१९ मध्ये लिहिले. प्रतिनिधी म्हणून माझे नाव. खाली त्याच्या कोरीव अक्षरात एकच अट : ‘गाडी कुठे चालली आहे ते खरे सांगावे.’

२०२१ च्या पावसाळ्यात दिवे पुन्हा बोलू लागले. सहा दिवस तो जेवला नाही. ‘तू स्वतःहून चल,’ म्हणून मी दोन दिवस विनवले. कर्तरी प्रयोगाची माझी हौस म्हणा. तो येईना. तेव्हा मी अर्जावर सही केली आणि त्याच्या समोर बसून सांगितले, ‘गाडी हॉस्पिटलला चालली आहे. तुला नको आहे, तरी मी नेते आहे.’ जासई मागे पडेपर्यंत तो ओरडत होता. खरे बोलल्याने काही सोपे झाले नाही. खोटे बोललो असतो तर प्रवास शांत झाला असता, हेही मला ठाऊक होते. पहिले नऊ दिवस त्याने मला भेट नाकारली.

चोविसाव्या दिवशी तो घरी आला. आठवडाभराने त्याने तो जुना कागद मागितला. माझे नाव खोडेल, अशी मनाची तयारी करून मी तो दिला. बराच वेळ त्याने नुसता वाचला. मग नावाला हात न लावता खाली लिहिले, ‘चादर घरची द्यावी,’ आणि मला म्हणाला, ‘ताई, तिथली फार टोचते.’