लंडनचा २७ फुटी कर्णा

२०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही लंडनला गेलो होतो. तिथल्या सायन्स म्युझियममध्ये आम्ही एक अजब कर्णा पाहिला आणि ऐकलाही. लांबी २७ फूट, तोंड चौकोनी. मुलांनो, त्या तोंडात उंच माणूस आरामात उभा राहील!

रॉडरिक डेनमन यांनी आखलेल्या या कर्ण्यावर १९३० च्या दशकात लोक बीबीसीचे कार्यक्रम ऐकत. १९४९ मध्ये पाडकाम चालू असताना तो मोडला. ९ फुटांचा तुकडा तेवढा वाचला.

कर्णा म्हणजे आपल्या शोफारचाच भाऊ. अरुंद टोकाला छोटा पडदा थरथरतो, पुढे नळी रुंद होत जाते, म्हणून थोडक्या विजेवर मोठा आवाज निघतो. मात्र रुंदी ठराविक हिशेबानेच वाढायला हवी. तो हिशेब ठाऊक होता, म्हणूनच अ‍ॅलेक्स कोल्कोव्स्की आणि म्युझियमचे कारागीर यांना हरवलेले १८ फूट पुन्हा बांधता आले. ऐकताना वाटलं, माणूस शेजारीच उभा राहून बोलतोय.

आपल्या घरांतली मराठीही आता तुकड्याएवढीच उरली आहे. पण आजी-आजोबांनो, हिशेब अजून आपल्याला ठाऊक आहे. नातवंडांशी मराठी बोलत राहा.