स्टाइल्सची बोटं

माझ्याकडे येणारी दहावी-बारावीची पोरं ‘टीन वुल्फ’ मोबाइलवर बघतात. 2011 ते 2017 या काळात एमटीव्हीवर चाललेली ही अमेरिकी मालिका. लांडगेमाणसं, मारामाऱ्या, प्रेमप्रकरणं, सगळा मसाला. तिसऱ्या पर्वाचा उत्तरार्ध (2014) मात्र मानसोपचारतज्ज्ञाने मुद्दाम बघावा असा आहे. डिलन ओब्रायनने उभा केलेला स्टाइल्स स्वप्नात आहे की जागा, हे त्याचं त्यालाच उमगत नाही. अक्षरं लागत नाहीत. मग तो हाताची बोटं मोजतो, कारण स्वप्नात ती जास्त भरतात. त्याच्यात नोगित्सुने हा जपानी कोल्ह्याचा आत्मा शिरलेला असतो. कलह आणि वेदना हे त्याचं खाद्य. पण त्याच काळात मेंदूच्या तपासणीत, आई ज्या स्मृतिभ्रंशाने गेली त्याचीच चिन्हं दिसतात. तिथे भुताची नाही, बापाच्या चेहऱ्याची भीती वाटते.

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरी गावात असं झपाटणं कुणाला परकं वाटणार नाही. मराठवाड्यात भानामती म्हटलं की पेटीतले कपडे जळतात, अंगावर फुल्या उमटतात, बाया भुंकतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी घरं पिंजून काढली, तेव्हा करणारं माणूस बहुधा घरातलंच निघालं. बरेचदा कोंडमारा झालेली सून, नाहीतर वयात येणारी पोर. तिचं नाव गावात फोडायचं नाही, हा त्यांचा दंडक मला फार मोलाचा वाटतो. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा ठरवलं. धुरी थांबते, घर तेच राहतं.

त्या पट्ट्यातल्या एका मुलीला तिचे मामा घेऊन आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ‘‘डॉक्टरसाहेब, बाहेरचं हाय. अंगारा झाला, उतारा झाला.’’ तिची दातखीळ बसायची ती दिवेलागणीला, चुलता शेतातून परतायच्या सुमाराला. हे घरात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं?

भूत अंगात असलं की दोष आपला राहत नाही. स्टाइल्सला ही सवलत मिळते, त्या मुलीलाही मिळत होती. शिवाय स्टाइल्सला शोधायला त्याचे दोस्त स्कॉट आणि लिडिया थेट त्याच्या मनात उतरतात. मालिकेवर माझा राग आहे तो पुढच्या भागासाठी. आत्मा गेला, त्यांची मैत्रीण ॲलिसन मेली, आणि चौथं पर्व उघडतं ते मेक्सिकोत, नव्या संकटावर! आत्म्याने त्याच्या हातून घडवलेल्या इतक्या जणांच्या मरणाचं ओझं घेऊन हा पोरगा रात्री झोपतो कसा, हे विचारायला मालिकेला फारशी सवड नाही.

त्या मुलीची सवलत मला एकदम काढून घ्यायची नव्हती, म्हणून अंगारा बंद करा, असं मी मामांना पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पोरीला आजोळीच राहू द्या, एवढंच म्हणालो. तिथे दातखीळ थांबली आणि काही दिवसांनी तिने चुलत्याचं नाव घेतलं. पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं मला भागच होतं. मामा पाठीशी उभे राहिले. बाकीच्या घराला अजून वाटतं, यापेक्षा भानामती परवडली असती.