पोट आणि पोटरी

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे ३५ मार्कांपुरतं. 'एकोणसाठ की एकोणसत्तर?' यावरून हॉस्टेलवर अजून माझी फिरकी घेतात. मीही हसून सोडून द्यायचे. पण गेल्या पीएलमध्ये जे झालं, त्यानंतर हसू येत नाही.

आई-बाबा लग्नाला गेले होते. घरी मी, आजी आणि माझं राहिलेलं एम-थ्री. सकाळी आजी म्हणाली, "बाय, पोटरी लई दुखतीया गं." मी पुस्तकातून मानही वर काढली नाही. "थांब, गोळी देते." ॲसिडिटीची गोळी दिली, वर ओवा आणि मीठ. इंजिनिअरिंगला असलेल्या नातीने दिलेलं औषध आजीने मुकाट्याने घेतलं! दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी आई आली. आजी लंगडताना दिसली, तशी तिने लुगडं जरा वर करून पाहिलं. डाव्या पायाची पोटरी सुजून लाल झालेली, हात लावला तर गरम. सोनोग्राफीत कळलं, आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. डॉक्टर म्हणाले, "ही सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. दोन दिवस काय करत होतात?" मी काय सांगणार?

त्या रात्री दवाखान्यात बसून मी हा शब्द शोधला. पोटरी हा शब्द पोटावरूनच आलाय. पायाचा फुगीर भाग, म्हणजे पायाचं पोट! कणीस बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात फुगतं, तेव्हाही शेतकरी 'ज्वारी पोटरीत आली' म्हणतात. आणि गंमत म्हणजे पोटरीच्या मोठ्या स्नायूचं डॉक्टरी नाव गॅस्ट्रोक्नेमियस. ग्रीकमध्ये 'गॅस्टर' म्हणजे पोट आणि 'क्नेमे' म्हणजे गुडघ्याखालचा पाय. ग्रीकांना सुचलं तेच आपल्या लोकांनाही सुचलं होतं. मला 'गॅस्ट्रिक' माहीत होतं, 'पोटरी' नव्हतं. खरं तर आजीला नुसतं "कुठं दुखतंय, दाखव" म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

आजी आता बरी आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. ती मला अजून एका शब्दानेही बोललेली नाही. फक्त रविवारी फोनवर माझी व्हायवा घेते.

"सांग, घोटा कुठं असतो?"

"पायाला."

"आन् घोट?"

"चहाचा!"

"मणका?"

"पाठीला. मण्यांसारखे ओवलेले असतात म्हणून मणका."

"पास झालीस बग," आजी म्हणते.

एम-थ्रीचा निकाल अजून लागायचा आहे!