मामांचं रजिस्टर

परवा वाळूजच्या एका कारखान्यात एका मशिनला जोडलेल्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकायचं होतं. त्या संगणकाला नेट नाही आणि जोडायची परवानगीही नाही. पेनड्राइव्हसुद्धा गेटवर तपासून, वहीत नोंद करूनच आत सोडतात. मशिन विकणाऱ्यांनी पाठवलेली सेटअपची फाइल उघडली. सुरेख निळी पट्टी आली, दोन टक्क्यांवर थांबली आणि खाली अक्षरं उमटली: कृपया इंटरनेट जोडणी तपासा. फाइल होती जेमतेम दोन एमबीची. खरं सॉफ्टवेअर कुठल्या तरी परदेशी सर्व्हरवर होतं, हा नुसता त्याचा निरोप्या.

या निरोप्यांवर माझा जुना राग आहे. 'ऑफलाइन इन्स्टॉलर' नावाची गोष्ट पूर्वी वेगळी मागावी लागत नसे, सेटअप म्हणजे सेटअपच असायचा. आता ती संकेतस्थळाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, जणू लाज वाटत असल्यासारखी ठेवलेली असते. ती सापडली तरी शेवटी परवाना खरा करून घ्यायला नेट लागतंच. पैसे मोजून घेतलेली वस्तू वापरायला दर वेळी मालकाला विचारायचं!

अशा वेळी मला हटकून मामा आठवतात.

२००७च्या सुमाराला मी कन्नडकडच्या एका कॉलेजात आठवड्यातून एखादा दिवस प्रॅक्टिकल घ्यायला जायचो. मामा तिथे लॅब अटेंडंट. त्यांना सगळेच मामा म्हणत, प्राचार्यसुद्धा. लॅबमध्ये उबुंटू होतं, कारण ते फुकट होतं. मागणी नोंदवली की परदेशातून टपालाने सीडी घरपोच यायची. ही 'शिपइट' योजना २०११मध्ये बंद झाली. सीडी आली तरी डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला लागणारं मायएस्क्यूएल सर्व्हर त्यात नव्हतं. नेट होतं फक्त ऑफिसात, डायलअप, आणि भारनियमनातून जे तास उरतील तेवढेच.

मग मी शहरातल्या कॅनॉट भागातल्या सायबर कॅफेतून पॅकेज उतरवून, सीडीवर लिहून, एसटीने न्यायचो. तिथे गेल्यावर संगणक म्हणायचा, आधी डीबीडी-मायएस्क्यूएल-पर्ल द्या. पुढच्या आठवड्यात ते नेलं, तर म्हणाला डीबीआय-पर्ल. त्याला हवं पीएलआरपीसी-पर्ल. आणि त्यालाही हवं नेट-डेमन-पर्ल. पोरांना पर्लचा 'प'सुद्धा लिहायचा नव्हता, त्यांना फक्त एक टेबल तयार करून 'सिलेक्ट' मारायचं होतं. आणि गंमत बघा, साखळीच्या टोकाला अडून बसलेलं ते नेट-डेमन म्हणजे नेटवर्कवरून सेवा देणारे प्रोग्राम लिहिण्यासाठीचं पॅकेज. ज्या खोलीत नेटची तार नाही तिथे.

मामा हे सगळं स्टुलावर बसून बघायचे. एके दिवशी त्यांनी कपाटातून कोरं लाँगबुक काढलं आणि स्केलने रकाने आखले: काय पाहिजे, ते कशावर अडलं, कुठल्या सीडीत आहे, कधी आलं. इंग्रजी नावं ते पडद्यावरून एकेक अक्षर बघून उतरवायचे, मधल्या आडव्या रेघांसकट. अक्षर तलाठ्यासारखं, डावीकडे कललेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या विषयाला काही लागलं, तेव्हा मी एसटीत बसायच्या आधीच त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. "सर, हे सगळं एकदाच आणा. परत चक्कर नको."

उबुंटू ज्यावर उभं आहे त्या डेबियनच्या जगात याच कामासाठी एक अवजार आहे, 'ॲप्ट-ऑफलाइन'. ते रितेश राज सराफ या भारतीय विकसकाने लिहिलं. नेट नसलेला संगणक आपली गरज एका छोट्या फाइलमध्ये लिहून देतो. ती फाइल नेट असलेल्या संगणकाकडे न्यायची. तो सगळा ऐवज एका गाठोड्यात बांधून देतो, तो परत आणून उतरवायचा. मी ते पहिल्यांदा वापरलं तेव्हा मनात आलं, अरे, ही तर मामांची चिठ्ठी.

इथे मलिक अंबर मध्येच येतो. त्याला बोलावलेलं नाही, पण या गावात राहून त्याला टाळता येत नाही. १६१०मध्ये त्याने खडकी, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, खापरी नळांतून, गावात खेळवलं. वाटेत दाब कमी करायला आणि हवा बाहेर सोडायला उंच मनोरे बांधले. वर राहणाऱ्याला दिसायचा तो फक्त हौद. खाली किती सांधे आहेत, त्यातला कुठला आपल्या घोटभर पाण्यासाठी जबाबदार आहे, हे कळायची वेळ यायची ती पाणी बंद पडल्यावर.

मे २०१८मध्ये शहरात दंगल झाली आणि मोबाइलचं इंटरनेट बंद करण्यात आलं. त्या काळजीपुढे आमची अडचण काहीच नव्हती. पण तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. स्वतःच्याच संगणकावर, स्वतःच लिहिलेला प्रोग्राम बांधायला घेतला की तो आधी बाहेरून शंभर तुकडे मागवायचा. नेट चालू असताना ते तुकडे गुपचूप येतात म्हणून आपल्याला आपण स्वयंपूर्ण वाटतो. २०१६च्या मार्चमध्ये एका प्रोग्रामरने चिडून 'लेफ्ट-पॅड' नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज मागे घेतलं आणि जगभर मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी अडली. ते आपल्यात आहे, हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं. मामांच्या रजिस्टरात त्याची ओळ नक्की असती.

कारखान्यातल्या बंदोबस्ताबद्दल मात्र माझी तक्रार नाही. इराणच्या नतांझ अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज चालवणारी यंत्रणाही नेटपासून तोडलेली होती. तरी २०१०मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम तिथे शिरला, बहुधा पेनड्राइव्हमधूनच. गेटवरचा माणूस माझी पेनड्राइव्ह उलटीपालटी करून बघतो तेव्हा तो योग्यच करतो. फक्त आत काय आहे हे त्याला सांगणारा कागद माझ्याकडे असायला हवा, आणि त्या निळ्या पट्टीवाल्यांनी तो मला द्यायला हवा.

रजिस्टरला नंतर एक जादा रकाना आला होता. डेबियन-उबुंटूच्या प्रत्येक पॅकेजच्या माहितीत ते सांभाळणाऱ्या माणसाचं किंवा गटाचं नाव आणि ईमेल पत्ता असतो. मामांना तो एकदा पडद्यावर दिसला. "सर, हा कोण? आपल्यासाठी फुकट करतो?" हो म्हटल्यावर त्यांनी ती नावंही उतरवायला घेतली. एकदा म्हणाले, याला एक पोस्टकार्ड टाकायला पाहिजे. मी हसलो. आम्ही टाकलं नाही. पुढे मामा निवृत्त झाले आणि रजिस्टर डेडस्टॉकमध्ये गेलं.

वाळूजहून परतल्यावर रजिस्टरातलं एक आठवणारं नाव शोधून मी आभाराची ईमेल पाठवली. मराठवाड्यातलं कॉलेज, सीडी, एसटी, सगळं सांगितलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, चार ओळींचं. आनंद झाला, असं लिहून त्याने विचारलं होतं की तिथे अजून तीच आवृत्ती चालू आहे का. असेल तर ताबडतोब बदला, सुरक्षेला धोका आहे. नेटवरून मिनिटभराचं काम आहे.