कल्हईला दिलेली भांडी

गेल्या वर्षी चैत्रात मी गावी गेलो होतो. आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या बाजूस, वैनगंगेपासून कोस-दीड कोसावर आहे. त्या दिवसांत तिकडे पहाटेपासून मोहफुले टपटप पडू लागतात आणि सूर्य वर येईपर्यंत बायामुले टोपल्या घेऊन ती वेचीत असतात. त्यांचा गोड, किंचित जड वास साऱ्या शिवारावर पसरलेला असतो. शहरात चाळीस वर्षे काढूनही तो वास मी विसरलेलो नाही. मी तळ्याच्या पाळीवरून फिरून येत होतो, तोच शेजारच्या घरातील दहा-अकरा वर्षांचा मुलगा पाठीवर दप्तर घेऊन भरभर चालत जाताना दिसला. शाळा दुसऱ्या गावी, तीन किलोमीटर दूर. दिवाळीत मी आलो होतो, तेव्हा त्याच्याजवळ नवी कोरी सायकल होती.

"का रे, सायकल कोठे गेली?" मी सहज विचारले.

"दुरुस्तीला दिली आहे, आजोबा," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता, पाठ केलेली कविता म्हणावी तसे त्याने ते वाक्य म्हटले आणि तो तसाच पुढे गेला.

मी तेथेच उभा राहिलो. ते वाक्य माझ्या ओळखीचे होते. त्याच्या वयाचा असताना अशाच जातीचे एक वाक्य मी शेकडो वेळा म्हटले होते.

भंडाऱ्याची पितळी भांडी फार पूर्वीपासून नावाजलेली आहेत. माझ्या आईला, मायला, तिच्या माहेराहून अशी भांडी आली होती. मोठे घंगाळ, दोन गुंड, परात, तांबे, आणि काठावर वेलबुट्टी काढलेला एक डबा. सणाच्या आदल्या दिवशी माय ती चिंच आणि राख लावून घाशी आणि फळीवर ओळीने मांडून ठेवी. घरात दुसरी श्रीमंती नव्हती. पाहुणा आला की त्याची दृष्टी प्रथम त्या फळीवर जाई आणि मायच्या चेहऱ्यावर समाधान दिसे.

माझे वडील धानाचे शेतकरी होते. चार एकर बांध्या, तळ्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या. ते गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवीत. तुकडोजी महाराजांना त्यांनी तरुणपणी प्रत्यक्ष ऐकले होते. महाराज 1968 साली गेले, पण आमच्याकडील कितीतरी गावांत संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्यानंतरही चालू राहिली. बाबा त्या प्रार्थनेला नेमाने बसत. व्यसनाचा धिक्कार करणारी भजने ते खड्या आवाजात म्हणत, आणि तेथून उठून मोहाच्या दारूच्या गुत्त्याकडे जात. लोक त्यांना ढोंगी म्हणत. मीही मनातून म्हणत असे. आज मला तसे वाटत नाही. प्रार्थनेला बसलेला माणूस खराच तेथे बसलेला होता. आणि जो उठून जाई, त्याला आपले पाय आवरत नव्हते.

फळीवरील भांडी एकेक करून कमी होऊ लागली. प्रथम घंगाळ गेले. शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा माय म्हणाली, "कल्हईला दिले आहे." मग परात गेली, मग एक गुंड. मी काही विचारण्याच्या आतच माय मला म्हणाली, "कोणी पुसले, तर कल्हईला दिली म्हणून सांगायचे." मी सांगू लागलो. कल्हईवाला आमच्या गावात वर्षातून एकदा येई आणि वडाखाली भाता लावून दोन दिवसांत साऱ्या गावाची भांडी चकचकीत करून देई. आमचीच भांडी त्याच्याकडे सहा-सहा महिने काय करीत होती, हे मात्र कोणी विचारले नाही. गावाला सारे ठाऊक होते. गाव आमचे खोटे सांभाळीत होते, आणि त्यात गावाचा चांगुलपणाही होता. पण त्या चांगुलपणाचा आम्हांला काही उपयोग झाला नाही.

अशा घरातील मुले फार लवकर शहाणी होतात. अंगणात वाजणाऱ्या पावलांवरून बाबा आज कसे आहेत, हे मला कळे. पावले सावकाश आली तर पुस्तक उघडावे. अडखळत आली तर धाकट्या भावाला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडावे. ताई सातवीत होती. तिची शाळा सुटली आणि ती दुसऱ्यांच्या बांध्यांवर रोवणीला जाऊ लागली. माय दिवसेंदिवस वाळत चालली होती. ती जेवते की नाही, हे आम्ही कधी पाहिले नाही.

1979 सालच्या पावसाळ्यात भाऊकीतील वडीलधाऱ्यांनी बाबांना देवापुढे शपथ घ्यायला लावली आणि त्यांना आतल्या खोलीत कोंडून ठेवले. चार दिवस दारू मिळाली नाही की सुटेल, असा साऱ्यांचा समज होता. पहिल्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले. दुसऱ्या दिवशी अंगाला दरदरून घाम सुटला, आणि भिंतीवर मुंग्यांच्या रांगा चालल्या आहेत, असे ते सांगू लागले. भिंतीवर काही नव्हते. रात्री त्यांना झटका आला. कोणी म्हणाले, ही बाहेरची बाधा आहे. आणि मांत्रिकाला बोलावणे गेले.

त्याच सकाळी आरोग्य खात्याच्या नर्सबाई धाकट्या भावाला लस टोचण्यासाठी आल्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिले, बाबांची नाडी धरली आणि लगेच बैलगाडी जुंपायला सांगितली. बाबांना पवनीला नेले. तेथील डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, ते मला पुढे शिकल्यावर नीट कळले. रोज भरपूर दारू पिणाऱ्याचे शरीर आणि मेंदू त्या दारूशी जुळवून घेतात. ती एकाएकी तोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंप, झटके आणि भ्रम सुरू होतात. त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध देऊन सोडवावी लागते. आम्ही मायेपोटी ज्यांना कोंडले होते, त्यांना थोडक्यात गमावणार होतो.

परंतु मला सांगायचे आहे ते दुसरेच. चार-पाच दिवसांनी नर्सबाई पुन्हा घरी आल्या. बाबा अजून पवनीलाच होते. मायने पाट मांडला, चहा केला, आणि बाबांची हकीकत सांगायला सुरुवात केली. बाईंनी तिला थांबविले.

"त्यांचे मी पाहून आले," त्या म्हणाल्या. "आता तुमचे सांगा. रात्री झोप लागते का तुम्हांला?"

माय काहीच बोलली नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. मी तिला रडताना त्यापूर्वी पाहिले नव्हते. गेल्या सहा वर्षांत आमच्या घरी अनेक जण येऊन गेले होते. किती पितो, कोठे पितो, पैसे कोठून आणतो, हे सर्वांनी विचारले होते. तुला झोप लागते का, हे तिला कोणी विचारले नव्हते. आम्हीही नाही. पुष्कळ वेळाने ती बोलली, आणि फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती भांडी कल्हईला नाही गेली, बाई." नर्सबाई म्हणाल्या, "ते मला पहिल्याच दिवशी दिसले."

पुढे मोठेपणी वाचताना कळले, की हा प्रश्न विचारायला सुधारलेल्या जगानेही वेळच लावला. अमेरिकेत 1935 साली दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली. नवरे सभेत बसत आणि बायका त्यांची वाट पाहत थांबत. आपलेही काही बिघडले आहे, हे त्या बायकांना हळूहळू उमगले. आणि 1951 साली त्यांनी कुटुंबीयांसाठी अल्-अ‍ॅनॉन ही स्वतंत्र संघटना काढली. आपल्याकडे पुण्यास डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य त्याला लाभले होते. तेथे रुग्णांच्या पत्नींचाही एक गट भरतो. त्याचे नाव 'सहचरी'. ते नाव वाचले, तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातला तो पाट आठवला.

बाबा परत आले, पाच महिने उत्तम राहिले, आणि दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार पाहायला गेले ते पिऊनच आले. माझा संताप अनावर झाला. मी नर्सबाईंना म्हणालो, "सारे फुकट गेले." त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही. "हिवताप उलटला, तर तुम्ही रोग्याला शिव्या देता का?" त्यांनी विचारले. आमच्या भागात हिवताप घरोघर होता. मला उत्तर देता आले नाही. बाबांचे व्यसन त्यानंतर आणखी दोनदा उलटले. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही, आणि ते पुढे चौदा वर्षे जगले. मायने धान विकून भंडाऱ्याहून एक गुंड आणला. बाकीची भांडी परत आली नाहीत. ताईची शाळाही परत आली नाही. बाबा तिच्याशी बोलताना अखेरपर्यंत खाली मान घालून बोलत.

त्या काळी मनाच्या आजारासाठी आम्हांला एकच ठिकाण माहीत होते: नागपूरचे मनोरुग्णालय, आणि त्याचे नाव आम्ही शिवीसारखे वापरीत असू. आता तशी स्थिती राहिलेली नाही. देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली आखला गेला. कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर 1996 पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्यास आरंभ झाला. 2017 च्या कायद्याने दारू व मादक पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मानसिक विकारांनाही मानसिक आजारांत गणले आहे. म्हणजे उपचार मागणे हा आता उपकार नव्हे, हक्क आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी टेलि-मानस ही सेवा सुरू झाली. 14416 हा क्रमांक फिरवला, की घरबसल्या, पैसे न देता, समुपदेशकाशी बोलता येते. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि ती आणण्यासाठी झगडलेल्या स्त्रीपुरुषांबद्दल मला आदर वाटतो. पण दुकान बंद झाले, तरी फळीवरील रिकाम्या जागेविषयी कोणीतरी घरात येऊन विचारावेच लागते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी शेजारी गेलो. मुलाची आई तांदूळ निवडीत बसली होती. आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता.

"बसा, मामाजी," ती म्हणाली. "त्यांना जरा बरे नाही. झोपले आहेत."

"सूनबाई, मी सायकलीचे विचारायला आलो नाही," मी म्हणालो. तिचे हात थांबले. मग मी तिला आमच्या भांड्यांची गोष्ट सांगितली. गावात ती मी कोणाला कधी सांगितली नव्हती. मायबाबा गेल्यावरही नाही. सांगताना माझा आवाज कापत होता, आणि या वयात त्याची मला लाजही वाटली.

तिने ऐकून घेतले. "कल्हईला दिली म्हणायच्या?" तिने विचारले, आणि ती किंचित हसली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. मी तिला विचारले, "रात्री झोप लागते का तुला?"

थोड्या वेळाने तिने उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कडेला तो क्रमांक लिहून घेतला. मग मोबाइल हातात घेऊन ती ओसरीच्या टोकाला जाऊन बसली. ती काय बोलली, ते मी ऐकले नाही. मुलगा दारात उभा होता. त्याचा हात धरून मी त्याला तळ्यावर घेऊन गेलो.

पाळीवर बसून तो पाण्यात खडे टाकीत राहिला. बराच अंधार पडल्यावर तो म्हणाला, "आजोबा, सायकल दुरुस्तीला नाही गेली."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो.

त्याने आणखी एक खडा टाकला, आणि सायकलीला घंटी कशी होती, ते तो मला सांगू लागला.