घारापुरी : लेण्यांपलीकडचं बेट

आम्हा नागपूरकरांचं पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा. समुद्राचं अप्रूप जात नाही ते नाहीच. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरलो आणि थेट गेटवे गाठलं. घारापुरीची लेणी सगळेच पाहतात; मला तिथलं गाव पाहायचं होतं.

लाँचने तासाभराची वाट. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर ‘नीलकमल’ बोट बुडून माणसं दगावली. त्यामुळे लाइफ जॅकेटचे बंद आवळताना कुणी कुरकुरलं नाही. पलीकडे न्हावाशेवा बंदराच्या क्रेन दिसत होत्या. बेट मुंबईच्या इतकं जवळ, पण जिल्हा रायगड, तालुका उरण.

ओहोटी होती. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल आणि खारफुटी. लांबलचक धक्क्यावरून छोटी आगगाडी पायथ्याशी सोडते. दोन टेकड्या आणि मधली दरी, एवढाच बेटाचा आकार. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं, मिळून एक ग्रामपंचायत. वस्ती साधारण हजार-बाराशे, बरीचशी आगरी-कोळी. पावसाळ्यात भात, थोडी मासेमारी. बाकी पोट पर्यटकांवर.

ते पोट लेण्यांकडे चढणाऱ्या शंभर-सव्वाशे पायऱ्यांवर दिसतं. दोन्हीकडे ताडपत्रीखाली टोप्या, माळा, दगडी हत्ती. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले. एका मावशींनी कैरीच्या फोडी केल्या, तिखटमीठ भुरभुरलं आणि कागद हातात देताना डाव्या हाताने काठी आपटली. वरच्या फांदीवरचं माकड मागे सरकलं.

“सोमवारी काय करता?” मी विचारलं. सोमवारी लेणी बंद असतात.

“सोमवारी आमचा रविवार, दादा. बाजारहाट, दवाखाना, सगळं त्याच दिवशी. तेही बोटीनंच.”

लेण्यात वीसेक फूट उंचीच्या त्रिमुखी शिवासमोर गर्दी होती. सहाव्या शतकातलं हे काम. १९८७ पासून जागतिक वारसा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो मात्र आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

मोराबंदरच्या वाटेला लागलो तशी गर्दी एकदम तुटली. दुकानं नाहीत, डोलीवाले नाहीत. एका ओट्यावर काका जाळं विणत बसले होते. त्यांनी पाणी दिलं, फ्रीजमधलं. फ्रीजचं कौतुक त्यांनाच जास्त. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून इथे वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं समोर मुंबईचे दिवे बघत या लोकांनी अंधारात रात्री काढल्या.

“आता दिवे आहेत, पण माणूस थांबत नाही,” काका म्हणाले. पर्यटकांना बेटावर मुक्कामाची परवानगी नाही. संध्याकाळची शेवटची लाँच सगळ्यांना परत नेते.

गोम इथेच आहे. आलेला पैसा धक्का आणि पायऱ्या यांच्यामध्येच फिरतो. मोराबंदरच्या ओट्यापर्यंत क्वचितच पोचतो. वारसा जपायचा तर मुक्कामावर निर्बंध हवेत, हे मान्य. पण दुपारी दोन तास गावात फिरवणारा गावचाच वाटाड्या आणि काकूंच्या हातचं भात-कालवण याला कुठल्या लेण्याची आडकाठी आहे?