सातवा कीं आठवा

लिहितांना स्वतःस 'आम्ही' म्हणण्याची लेखकमंडळींची जुनी रीत आहे, आणि तींत थोडा बडेजाव असतो असें म्हणतात. असेल. परंतु ज्या दिवसांविषयीं आम्ही येथें लिहीत आहों त्या दिवसांपुरता तरी हा शब्द आम्हांस अक्षरशः लागू होता. सोलापूरच्या एका रुग्णालयांत, अरुंदशा लोखंडी खाटेवर, डाव्या कुशीस आम्ही पडून होतों तेव्हां त्या एका खाटेवर आम्ही तिघें होतों. आणि त्यांपैकीं दोघें पूर्ण दिवसांच्या दहा आठवडे आधींच बाहेर येण्याची घाई करीत होतीं.

आमचें गांव तामलवाडी. सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावरचें. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. पण घरांत मोठें दुखणें निघालें कीं आमच्याकडील मनुष्य जिल्ह्याच्या गांवाकडे वळत नाहीं, जवळचें म्हणून सोलापूरच गांठतो. हा रस्ता एरव्हीं मालमोटारींचा असतो. आश्विनांत मात्र तो देवीचा होतो. कोजागरीच्या आधीं दोन-तीन दिवस सोलापुराकडून आणि त्यापलीकडे कर्नाटकांतून माणसांची रीघ पायीं तुळजापुराकडे लागते, आणि जड वाहनें दुसऱ्या वाटेनें काढावीं लागतात. अशा वेळीं, त्याच रस्त्यानें, त्या रिघेच्या उलट दिशेनें जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला.

त्या दिवशीं आश्विन शुद्ध त्रयोदशी होती. सकाळपासून पोट राहून राहून दगडासारखें घट्ट होई व पुन्हां सैल पडे. दुखतें म्हणावें तर फारसें दुखत नव्हतें, आणि नाहीं म्हणावें तर हातांतलें काम थांबत होतें. एका दवाखान्यांत जाऊन दाखविलें. तेथें 'वायु धरला आहे' असें निदान झालें व एक गोळी मिळाली. जुळ्यांच्या भारानें पोट ताणायचेंच, असा सर्वांनीं धीर दिला. आम्हांसहि तो हवाच होता. दिवेलागणीस आमची शेजारीण आली. ती गांवची आशा कार्यकर्ती. तिनें घड्याळ पुढ्यांत घेऊन आमच्या पोटावर हात ठेवला आणि तासाभरांत सहा वेळां 'आतां' असें म्हटलें. मग हात काढून, कोणासहि न विचारतां, तिनें १०८ क्रमांकास फोन लाविला. महाराष्ट्रांत ही गाडी २०१४ सालापासून धांवते. त्यापूर्वीं अशा रात्रीं आमच्या गांवच्या बायका कशानें जात असत हें आत्याबाईंस विचारावें, त्यांचें उत्तर एका शब्दाचें असतें: "नशिबानं."

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. गाडींत त्या आमच्या उशाशीं बसल्या. समोरून माणसांचा लोंढा येत होता; डोक्यावर गांठोडीं, कडेवर मुलें, कोठें कोठें पेटलेला पोत. भोंगा ऐकतांच तो लोंढा दुभंगे, आणि गाडी पुढें सरकली कीं मागें पुन्हां मिटे. 'आई राजा उदो उदो' चा गजर कांचा बंद असतांहि आंत येत होता. सारें जग जिच्या पायांशीं चाललें होतें तिच्याकडे पाठ करून आम्ही चाललों होतों, ही गोष्ट आत्याबाईंच्या मनास फार लागली. वाटभर त्या मागच्या कांचेकडे तोंड करून हात जोडून होत्या.

रुग्णालयांत पोहोंचल्यावर पोटाला दोन पट्टे बांधले गेले आणि खोलींत दोन निरनिराळ्या लयींचे ठोके ऐकूं येऊं लागले. डॉक्टरीणबाईंनीं तपासलें, कागद पाहिले, आणि "तीस आठवडे," एवढेंच म्हणाल्या.

"कळा थांबवतां येतील ना?" आम्हीं विचारलें.

"थांबवायच्या म्हणून गोळ्या देत नाहीं. दोन दिवस लांबवायच्या म्हणून देत आहें. त्या दोन दिवसांत मला दुसरें काम उरकायचें आहे."

हें उत्तर आम्हांस त्या वेळीं फार कोरडें वाटलें. पुढें कळलें कीं त्याहून प्रामाणिक उत्तर वैद्यकास देतां आलें नसतें. जुळ्यांपैकीं निम्म्याहून अधिक मुलें सदतीस आठवडे भरण्यापूर्वींच जन्मतात, आणि एकदां जोर धरलेल्या कळा आठवडेच्या आठवडे रोखून धरील असें खात्रीचें औषध अद्याप कोणाच्या हातीं नाहीं. ज्या गोळ्या आम्हांस दिल्या त्या मुळांत रक्तदाबाच्या. त्यांच्या योगानें गर्भाशयाचा स्नायु थोडा सैलावतो. डोकें ठणकतें, तोंड तापतें, आणि फार तर दोन दिवस हातीं लागतात. खरें औषध निराळेंच होतें: बारा-बारा तासांनीं द्यावयाचीं चार इंजेक्शनें. टोचावयाचीं आम्हांस, परंतु तीं होतीं आंतल्या दोघांसाठीं.

दुसरें इंजेक्शन घेऊन सिस्टर आली तेव्हां आत्याबाई खाटेच्या आड उभ्या राहिल्या. आवाज चढविला नाहीं. फक्त बाजूला होईनात.

"बाई, सातवा सरायला चारच दिस राहिलेत. व्हायचं ते आत्ताच होऊ द्या. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत न्हाई. तुम्ही ढकलून ढकलून आठव्यात नेताय."

सिस्टरनें कपाळास हात लावला. शिकलेल्या माणसानें अशा वेळीं हंसावें अशी अपेक्षा असते. आम्हांस हंसूं आलें नाहीं. आम्ही शाळेंत विज्ञान शिकवितों. तरी आदल्या रात्रींच भिंतीवरील दिनदर्शिकेंतले चार चौकोन आम्हीं मनांतल्या मनांत मोजले होते. लहानपणापासून कानांवर पडलेलें वाक्य असें शाळेच्या दाराशीं थांबत नाहीं.

शिवाय ही समजूत कांहीं अडाण्यांचीच नव्हे. चरक आणि सुश्रुत या दोहोंतहि आठव्या महिन्यांत ओज अस्थिर असतें, म्हणून त्या महिन्यांतील जन्म धोक्याचा, असें सांगितलें आहे. हिपॉक्रेटिसच्या नांवावर चालणाऱ्या ग्रीक ग्रंथसंग्रहांत तर केवळ आठव्या महिन्याच्या मुलावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या देशांनीं हीच चूक केली याचें नवल वाटतें. आज हिशेब आठवड्यांनीं होतो व तो अगदीं सरळ आहे: पोटांत काढलेला प्रत्येक आठवडा फायद्याचा, मग तो सातव्यांतला असो कीं आठव्यांतला.

परंतु हें आत्याबाईंस सांगावें कोणी? त्यांचें म्हणणें पोथींतलें नव्हतें. त्यांनीं तेव्हां जें सांगितलें तें घरांत आम्ही कधीं ऐकलें नव्हतें. आमच्या यजमानांच्या आधीं त्यांस एक मुलगा झाला होता, आठवा नुकताच लागलेला असतां. दीड दिवस जगला. "छातीचा भाता हलत हुता नुसता," त्या म्हणाल्या, "वारं आत जात न्हवतं." आणि गप्प झाल्या.

डॉक्टरीणबाईंस बोलावणें गेलें. त्यांनीं ऐकून घेतलें व विचारलें, "आजी, तुमच्याकडं मेंढरं आहेत?"

आत्याबाईंचें माहेर मेंढरांचें. आहेत म्हणाल्या. मग त्या वॉर्डांत, चार खाटांच्या बायका कान देऊन ऐकत असतां, न्यूझीलंडांतील ऑकलंडची गोष्ट झाली. तेथें लिगिन्स नांवाचे एक प्रसूतितज्ज्ञ मेंढीला कळा कशानें सुरू होतात याचा शोध करीत होते. वारीच्या आंतल्या कोंकरास त्यांनीं एक संप्रेरक दिलें. कोंकरूं इतक्या आधीं जन्मलें कीं तें श्वास घेणें शक्यच नव्हतें, परंतु तें श्वास घेत होतें. अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसांतले सूक्ष्म फुगे ओल्या कागदासारखे एकमेकांस चिकटतात, कारण त्यांना उघडें ठेवणारा साबणासारखा पदार्थ अद्याप पुरेसा झालेला नसतो. त्या संप्रेरकानें तो लवकर तयार झाला होता. १९६९ मध्यें त्यांनीं हें प्रसिद्ध केलें, आणि १९७२ मध्यें हाउई या बालरोगतज्ज्ञांच्या साह्यानें स्त्रियांवरील प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. (तरी हें औषध सर्वत्र रूढ होण्यास आणखी वीस वर्षांहून अधिक काळ गेला. २०२० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांतील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत आम्हांस दिलें तेंच स्वस्त औषध होतें, आणि त्यानें नवजातांचे मृत्यु कमी झाल्याचें दिसून आलें.)

सनावळ्या अर्थात् आम्हीं मागाहून वाचल्या. आत्याबाईंस डॉक्टरीणबाईंनीं कोंकरूं तेवढें सांगितलें.

"मेंढीवर करून बघितलंय का?"

"होय."

आत्याबाई बाजूस झाल्या. "मग टोचा."

रात्रीं त्यांनीं आमच्या कपाळावर हात ठेवून एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस ठाऊक असूनहि नवी वाटली. दसऱ्याचें सीमोल्लंघन झालें कीं तुळजाभवानीची मूर्ति सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवितात. नऊ दिवसांच्या युद्धानें देवी थकलेली असते. हीच श्रमनिद्रा. पौर्णिमेस ती पुन्हां सिंहासनावर येते. "देवी बी पलंगावरच हाय अजून," त्या म्हणाल्या, "ती उठस्तवर तू बी उठू नको." डॉक्टरीणबाईंचे अठ्ठेचाळीस तास आणि देवीची निद्रा एकाच सुमारास संपत होतीं. त्या योगायोगांत आम्ही कांहीं शोधीत नाहीं. मात्र ते तास मोजण्यास घड्याळापेक्षां ही दुसरी रीत अधिक सोसवत होती हें खरें.

समोरच्या खाटेवर चतुर्दशीच्या पहाटे एक तरुण मुलगी आली. अठ्ठावीस आठवडे. तिलाहि दोन दिवस कोठेंतरी 'वायु' झाला होता. एकच इंजेक्शन मिळालें आणि चार तासांत ती बाळंत झाली. तिसऱ्या दिवशीं ती घरीं गेली तेव्हां तिच्या हातांत फक्त कपड्यांची पिशवी होती. आनंदीबाई जोश्यांचें चरित्र आम्ही मुलींना दरवर्षीं सांगतों: चौदाव्या वर्षीं बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलें, पुढें अमेरिकेंत १८८६ सालीं पदवी, आणि प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. सांगतांना आम्ही त्या दहा दिवसांवरून भरभर पुढें जात असूं. आतां तसें जमेल असें वाटत नाहीं.

चौथें इंजेक्शन पार पडलें. पौर्णिमा झाली. कळा विरळ झाल्या, पण गेल्या नाहींत. घर दूर, पोटांत जुळीं, म्हणून आम्हांस तेथेंच ठेवून घेतलें. या मुक्कामाविषयीं एक गैरसमज दूर करणें बरें. घरचीं सर्व माणसें 'निजून राहिल्यानें दिवस टळले' असें म्हणतात. डॉक्टरीणबाईंनीं स्वतःच तो मान नाकारला. झिंबाब्वेंतील हरारे येथें जुळ्यांच्या मातांस रुग्णालयांत विश्रांतीसाठीं ठेवून पाहिलें होतें. १९९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत अकालीं जन्म टळल्याचें आढळलें नाहीं. उलट फार पडून राहण्यानें पायांत रक्त गोठण्याची भीति असते. म्हणून आम्हांस सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यांत चालवीत असत. आम्ही तेथें राहिलों तें विश्रांतीसाठीं नव्हे. वेळ येईल तेव्हां अर्भकांच्या अतिदक्षता विभागाचें दार वीस पावलांवर असावें म्हणून. इतकी साधी गोष्ट समजण्यास आम्हांस आठवडा लागला.

वेळ आली ती चौतिसाव्या आठवड्यांत, पहाटे. म्हणजे आठव्याच्या ऐन मध्यांत, किंबहुना थोडें पलीकडेच. आधीं मुलगी, एक किलो सातशें ग्रॅम, रडली. मागून मुलगा, दीड किलो. तो क्षणभर रडला नाहीं, आणि तो क्षण केवढा होता तें लिहितां येत नाहीं. दोन दिवस त्याच्या नाकास हवेच्या दाबाची नळी होती. मुलीस तीहि लागली नाहीं.

पुढें वजन वाढेपर्यंत मुलें उघड्या छातीशीं धरून ठेवावयाचीं होतीं. ही रीत बोगोटा येथें १९७८ मध्यें एडगर रे या डॉक्टरांनीं उबपेट्या अपुऱ्या पडत म्हणून सुरू केली. दोन मुलें आणि आई एक. तेव्हां सिस्टर म्हणाली, दुसरें आजीनें घेतलें तरी चालेल. आत्याबाईंनीं चोळीच्या गांठी सोडल्या, मुलगा आंत घेतला, वरून पदर ओढला आणि खुर्चीवर चार तास हलल्या नाहींत. मधूनमधून मान वांकवून त्या कान लावीत. काय ऐकतां असें आम्हीं विचारलें नाहीं.

अठराव्या दिवशीं घरीं आलों. आशाताई ठरल्या दिवशीं येऊन वजन व ताप पाहूं लागल्या. (डॉ. अभय व राणी बंग यांनीं गडचिरोलींत खेड्यांतल्या साध्या बायकांस नवजातांची देखभाल शिकवून जें करून दाखविलें व १९९९ मध्यें जगापुढें मांडलें, त्याचीच ही पुढील शाखा. त्यांचा ताणकाटा आमच्या आढ्याला लटकला तेव्हां आम्हांस गडचिरोली फार जवळ वाटली.) बघावयास येणाऱ्या बायका पहिला प्रश्न अर्थात् तोच करीत: सातव्याचीं कीं आठव्याचीं? आत्याबाई न अडखळतां सांगत, "सातव्याचीं."

एकदां न राहवून आम्हीं त्यांची चूक दाखविली. आठव्याचीं, आणि आठव्याचेहि तीन आठवडे उलटले होते, असें दिनदर्शिका काढून पुढें ठेविली. त्यांनीं तिकडे पाहिलेंहि नाहीं. मुलाची लंगोटी बदलतां बदलतां म्हणाल्या, "जगली न्हवं? मग सातव्याचीच."